साभार परत

मराठी लघुकथेचा इतिहास लिहिणारांनीं तिच्या कालखंडांस जीं नांवें दिलीं आहेत तीं विचार करण्यासारखीं आहेत. कादंबरीचा इतिहास हरिभाऊंच्या नांवानें सांगितला जातो, नाटकाचा किर्लोस्कर-देवलांच्या. परंतु लघुकथेच्या इतिहासांत 'करमणूक'चा काळ, 'मनोरंजन'चा काळ, 'रत्नाकर'-'यशवंत'चा काळ आणि त्यानंतर 'सत्यकथे'चा काळ असे विभाग पाडण्याची रूढि पडून गेली आहे. हीं सारीं नियतकालिकांचीं नांवें आहेत. म्हणजे हा वाङ्मयप्रकार लेखकाच्या खोलींत जितका घडला तितकाच संपादकाच्या मेजावर घडला, हें इतिहासकारांनीं न बोलतां मान्य केलेलें आहे. असें असतां, गोष्ट कशी लिहावी हें शिकविणाऱ्या ग्रंथांतून कथानक, स्वभावचित्रण, वातावरण, शेवट यांवर प्रकरणांमागून प्रकरणें आढळतात. मात्र लिहिलेली गोष्ट कोणाकडे पाठवावी, तेथें ती कोणत्या दृष्टीनें वाचली जाते, आणि 'साभार परत' असा शेरा घेऊन आली तर तिचें काय करावें, याविषयीं क्वचितच कोणी चार ओळी खर्चिलेल्या दिसतात.

नवीन लेखकाचे प्रश्न दोन असतात. माझी गोष्ट सुधारेल कशी, हा एक. आणि ती छापील कोण, हा दुसरा. पहिला प्रश्न कलेचा आणि दुसरा व्यवहाराचा, अशी त्याची समजूत असते, आणि त्यामुळें पहिल्याचें उत्तर तो पुस्तकांत शोधतो व दुसऱ्याचें ओळखीपाळखींत. आमच्या मतें या दोहोंचा संबंध इतका निकटचा आहे कीं एकाचें उत्तर दुसऱ्यावांचून देतांच येत नाहीं.

हरि नारायण आपटे यांनीं १८९० सालीं 'करमणूक' काढलें तें साप्ताहिक होतें. त्यांत त्यांच्या स्वतःच्या कादंबऱ्या क्रमशः येत, आणि जोडीला गोष्टीही येत. त्या गोष्टींना 'स्फुट गोष्टी' हें नांव पडलें. त्या नांवांतच त्यांचें घरांतील स्थान कळून येतें. मुख्य पंगत कादंबरीची. गोष्ट ही ओसरीवर पान मांडलेली पाहुणी. साप्ताहिकांत मजकूर न मावला तर पुढच्या आठवड्यांत चालू ठेवतां येतो. त्यामुळें लेखकाला लगाम असा नव्हता. गोष्ट ऐसपैस पसरे, मध्येंच उपदेश करी, वाचकाचा हात धरून त्याला आडवाटेनें फिरवून आणी. पुढें काशिनाथ रघुनाथ मित्र यांचें 'मनोरंजन' १८९५ सालीं निघालें. तें मासिक. महिनाभर वाट पाहून हातीं आलेल्या अंकांत वाचकाला पुरी गोष्ट हवी असते. तेव्हां 'संपूर्ण गोष्ट' हा शब्द रुळला आणि शब्दाबरोबर वस्तूही बदलली. प्रारंभ आणि शेवट एकाच अंकांत बसवावयाचे म्हटल्यावर आडवाटा आपोआपच बुजल्या. याच मासिकानें १९०९ सालीं दिवाळीचा खास अंक काढला, आणि मराठी लेखकाच्या वर्षाचें पंचांग तेव्हांपासून ठरून गेलें तें आजतागायत.

तंत्राचा जो सिद्धांत पुढें आपल्याकडे फार गाजला त्याचेंही मूळ असेंच मासिकांत आहे, हें पुष्कळांच्या ध्यानांत नसतें. एडगर ॲलन पो या अमेरिकन लेखकानें १८४२ सालीं हॉथॉर्नच्या कथासंग्रहाचें परीक्षण लिहिलें. गोष्ट एका बैठकींत वाचून व्हावी, आणि तिच्यांतील प्रत्येक वाक्य एकाच संकल्पित परिणामाकडे जावें, हा विचार त्यानें तेथें मांडला. हें परीक्षण 'ग्रॅहम्स मॅगझीन'मध्यें आलें, आणि पो त्याच सुमारास त्या मासिकाच्या संपादनाचें काम करीत होता. एका बैठकींत किती मजकूर वाचला जातो हें त्याला वर्गणीदारांकडून कळत असलें पाहिजे! सौंदर्यशास्त्राच्या थोर नियमांपैकीं कांहींचा जन्म असा पानांच्या हिशेबांतून झालेला असतो, आणि त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं.

प्रो. ना. सी. फडके यांचें 'प्रतिभासाधन' १९३१ सालीं प्रसिद्ध झालें. या ग्रंथावर पुढें टीकेची झोड उठली, तरी त्याचें ऋण नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. लेखन ही देवाघरची देणगी, ती ज्याला असेल त्याला असेल, इतरांनीं टाळ्या वाजवाव्या, ही समजूत त्या काळीं बळकट होती. फडक्यांनीं साध्या पदवीधर तरुणाला सांगितलें कीं हें काम आहे, याला साधना लागते, आणि ती तुला करतां येईल. दोष झाला तो पुढें. कुलुपाला किल्ली लागावी तशी शेवटच्या परिच्छेदांत 'खट्' करून मिटणारी गोष्ट हीच उत्तम गोष्ट, असें अनुकरण करणारांना वाटूं लागलें, आणि माणसें त्या कुलुपाचे खिळे होऊन बसलीं. खांडेकर आणि फडके यांचा वाद जीवनासाठीं कला कीं कलेसाठीं कला असा रंगला खरा, परंतु गोष्ट वाक्यावाक्यानें कशी उभी राहते या प्रश्नाला त्या वादानें फारसा हात घातला नाहीं. तो प्रश्न सोडविला पुढच्या पिढीनें. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांच्या गोष्टींत कुलूप मोडलें. परंतु तें मोडण्याचें धैर्य केवळ लेखकांचें होतें असें कोणीं समजूं नये. कथानकाचा सांगाडा नसलेली गोष्ट छापणारें कोणी असल्याशिवाय ती दुसऱ्यांदां लिहिली जात नाहीं. १९३३ सालीं निघालेली 'सत्यकथा' आणि १९४३ सालीं बडोद्याहून निघालेली 'अभिरुचि' यांनीं ती जोखीम घेतली.

या सगळ्याचें सर्वांत बोलकें उदाहरण मात्र रशियांतील आहे. अंतोन चेखव वैद्यकीचा विद्यार्थी असतांना घरखर्चासाठीं विनोदी साप्ताहिकांत लिहूं लागला. त्याचें पहिलें लेखन छापून आलें तें १८८० सालीं. १८८२ पासून तो पीटर्सबर्गच्या 'ओस्कोल्की' या साप्ताहिकासाठीं लिहूं लागला. त्याचा संपादक लेय्किन मोठा काटेकोर. गोष्ट सुमारें शंभर ओळींच्या आंत बसली पाहिजे, आणि ती हंसविणारी पाहिजे, ही त्याची अट. चेखवनें या बंधनाविषयीं कुरकुर केली, परंतु वर्षानुवर्षें तें पाळलें. शंभर ओळींत माणूस उभा करावयाचा तर त्याचा पूर्वेतिहास सांगत बसतां येत नाहीं. एखादी टोपी, एखादी बोलण्याची लकब, एवढ्यांतच काम भागवावें लागतें. पुढें ज्या मितभाषित्वासाठीं जगानें त्याला गुरु मानलें त्याची तालीम त्याला या शंभर ओळींच्या आखाड्यांत मिळाली होती.

आखाड्यांतच जन्म काढला असता तर मात्र चेखव आज कोणाच्या स्मरणांत नसता. १८८५ सालीं 'शिकारी' ही त्याची गोष्ट एका दैनिकांत आली. तींत हंसण्यासारखें जवळजवळ कांहींच नाहीं. एक शिकारी आणि त्याची टाकलेली बायको रानांतल्या वाटेवर भेटतात, बोलतात, आणि तो निघून जातो. ग्रिगोरोविच या वृद्ध आणि मान्यवर कादंबरीकारानें ती वाचली, आणि १८८६ च्या मार्च महिन्यांत त्या अनोळखी तरुणास आपण होऊन पत्र लिहिलें. तुझ्या अंगीं खरी प्रतिभा आहे, घाईनें लिहिणें सोड, वेळ पडल्यास उपाशी रहा, अशा आशयाचें तें पत्र होतें. चेखवचें उत्तर उपलब्ध आहे. एका गोष्टीवर आपण चोवीस तासांहून अधिक वेळ खर्च केल्याचें आठवत नाहीं, आणि 'शिकारी' तर स्नानाच्या खोपटांत बसून लिहिली, असें त्यानें त्यांत कबूल केलें आहे. त्याच वर्षीं तो 'नोव्होये व्रेम्या' या मोठ्या दैनिकांत स्वतःच्या नांवानें लिहूं लागला; तोंवर त्याचीं टोपणनांवें चालत होतीं. १८८८ सालीं 'स्टेप' ही दीर्घ कथा एका जाडजूड वाङ्मयीन मासिकांत आली, आणि तेथून पुढचा चेखव आपल्या परिचयाचा आहे.

आठ वर्षांचा हा प्रवास नवलेखकानें नकाशाप्रमाणें पुढें ठेवावा. प्रत्येक टप्प्यावर जागा बदलली तशी गोष्ट बदलली. आणि गोष्ट जागेंत मावेनाशी झाली तेव्हां त्यानें जागा बदलली. लेय्किनवर तो रागावला नाहीं कीं त्याच्या दारांत बसूनही राहिला नाहीं. शिवाय, त्याला ग्रिगोरोविचचें पत्र आलें तें छापून आलेल्या गोष्टीमुळें. पेटींत जपून ठेवलेल्या हस्तलिखिताला असें पत्र येत नाहीं.

आतां आपल्याकडील नवलेखनाकडे वळूं. गेल्या कांहीं वर्षांत कथास्पर्धांच्या निमित्तानें प्रस्तुत लेखकास नवलेखकांच्या गोष्टींचे गठ्ठे वाचावे लागले. भाषा बहुतेकांची बरी असते. विषयही आतां पूर्वीपेक्षां पुष्कळ पसरले आहेत. ऊसतोड, परदेशांतील मुलें, विजेवर चालणारें शेत, दवाखान्यांतील रात्री, सारें येतें. परंतु दहांपैकीं सात-आठ गोष्टींत एकच प्रकार दिसतो. गोष्ट तिसऱ्या पानावर सुरू होते. पहिलीं दोन पानें लेखक आपल्या मनाची तयारी करीत असतो, आणि ती तयारी तो वाचकाच्या पदरीं बांधतो. चेखवला ही खोड चांगली ठाऊक होती. गोष्ट लिहून झाल्यावर तिचा आरंभ व शेवट खोडून टाकावा, कारण लेखक तेथेंच सर्वांत जास्त खोटें बोलतो, असें तो म्हणे, अशी नोंद बुनीननें आपल्या आठवणींत केली आहे.

एका गोष्टीविषयीं थोडें विस्तारानें लिहितों. विषय गिरगांवांतील एका चाळीच्या पुनर्विकासाचा होता. सेवानिवृत्त कारकून, बिऱ्हाडें एकामागून एक रिकामीं होत आहेत, शेवटीं हा एकटाच राहिला आहे. पहिल्या दोन पानांत मुंबई कशी बदलली याचें निरूपण होतें, तें वर्तमानपत्रांत कोणींही वाचलेलें असेल असें. मध्यें मुलाशीं झालेलें भांडण होतें. त्यांत "त्याच्या मनांत भावनांचा कल्लोळ उसळला" हें वाक्य होतें. शेवटीं म्हातारा मरतो. अशा गोष्टींत म्हातारा मरतोच. परंतु चौथ्या पानावर, जातां जातां, एक ओळ होती. शेजारचे जोशी कुलूप लावून गेले, किल्ली याच्याजवळ ठेवून गेले, आणि हा दर रविवारीं त्यांच्या रिकाम्या खोलींत जाऊन त्यांच्या भिंतीवरील घड्याळाला चावी देऊन येतो. बस्स, एवढेंच. पुढच्या ओळींत लेखक पुन्हां मुलाच्या भांडणाकडे वळला होता.

ती ओळ म्हणजे गोष्ट होती. मालक येणार नाहीं, भिंत पडणार आहे, घड्याळाला वेळ विचारणारें कोणी नाहीं. तरी हा चावी देतो. भावनांचा कल्लोळ वगैरे सारें तींत आहे, आणि त्याचें नांव घेतलेलें नाहीं म्हणूनच आहे. रविवारीं तो केव्हां जातो, चप्पल बाहेर काढतो काय, स्टुलावर चढतांना कशाचा आधार घेतो, चावी दिल्यावर कांटे जुळवतो कीं तसेच राहूं देतो, हें लेखकानें स्वतःस विचारलें असतें तर म्हाताऱ्याला मारण्याची गरज उरली नसती. मौज अशी कीं ही ओळ कोणत्याही तंत्रग्रंथाच्या साह्यानें सुचलेली नाहीं, आणि तिच्यावरून धांवत पुढें जाण्याची चूक मात्र तंत्राच्या चुकीच्या समजुतीनेंच झाली आहे. कथानक पुढें सरकलें पाहिजे, ही ती समजूत. आपल्या लेखनांतील अशी ओळ ओळखावी कशी, हाच सुधारणेचा सारा प्रश्न आहे, आणि लेखक एकटा असेपर्यंत तो सुटणें कठीण जातें.

एकट्यानें करण्याजोगा एक उपाय मुंबईंतच जन्मलेल्या रड्यार्ड किप्लिंगनें आपल्या आत्मचरित्रांत सांगितला आहे. हें पुस्तक १९३७ सालीं, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालें. अंतिम म्हणून लिहिलेली प्रत घ्यावी, काळी शाई आणि कुंचला घेऊन बसावें, आणि नको असलेला प्रत्येक शब्द काळा करावा. मग ती प्रत जमेल तितके दिवस पडूं द्यावी, आणि पुन्हां तेंच करावें; तिसऱ्यांदा स्वस्थपणें मोठ्यानें वाचावें. यांत महत्त्वाचें काय तर तें पडूं देणें. किप्लिंगच्या राजकीय मतांविषयीं आमचें मत जगजाहीर असावयास हरकत नाहीं, परंतु शाईच्या बाबतींत त्याचें ऐकावें. आज संगणकावर लिहिणारास खोडलेला शब्द दिसेनासा होतो हें एक नुकसानच आहे. निदान जुनी प्रत वेगळी ठेवावी, म्हणजे काय गेलें तें कळतें.

आतां पाठविण्याविषयीं. येथें बहुतेकांची चूक एकच असते: ज्या अंकाचें पानही उघडलें नाहीं त्याला गोष्ट पाठविणें. पुणें, मुंबई, ठाणें येथील जुन्या ग्रंथसंग्रहालयांतून (ठाण्याचें १८९३ चें, मुंबईचें १८९८ चें) आणि गांवोगांवच्या वाचनालयांतून दिवाळी अंक थोड्या वर्गणींत घरीं नेतां येतात. एखाद्या अंकाचीं लागोपाठ तीन वर्षें वाचून पाहावीं. गोष्टी किती लांबीच्या आहेत, बोलीभाषेंतील निवेदन चालतें काय, नवीं नांवें दर वर्षीं किती दिसतात, हें एका कागदावर टिपावें. नवें नांव एकही नसेल तर तो अंक आमंत्रितांचा आहे असें समजून पुढें जावें. त्यांत मान-अपमान कांहीं नाहीं. दिवाळी आश्विनांत येत असली तरी अंकांची जुळणी पावसाळ्यांत होते. गणपति उठल्यावर पाठविलेली गोष्ट पुढच्या वर्षाची झाली. दिवाळीखेरीजही वाटा आहेत. साने गुरुजींनीं १९४८ सालीं सुरू केलेलें 'साधना' आजही निघतें. साहित्यसंस्थांचीं मुखपत्रें आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणांहून निघणारीं लहान नियतकालिकें आहेत, आणि त्यांचे संपादक पुष्कळदां मोठ्यांपेक्षां अधिक लक्षपूर्वक वाचतात. एकच गोष्ट एकाच वेळीं चौघांकडे पाठवूं नये. आणि गोष्ट छापण्यासाठीं जो लेखकाकडे पैसे मागेल, किंवा 'प्रातिनिधिक संग्रहा'च्या इतक्या प्रती विकत घेतल्या पाहिजेत अशी अट घालील, त्याला नमस्कार करून दूर राहावें. तेथें वाचक कोणीच नसतो; लेखक हेच तेथील गिऱ्हाईक असतें.

येथवरचें सारें नवलेखकाला स्वतः करतां येईल. जें त्याच्या हातांत नाहीं तें अधिक काळजीचें आहे. 'सत्यकथा' १९८२ सालीं बंद पडली. तिचे संपादक राम पटवर्धन लेखकांना तपशीलवार पत्रें लिहीत, गोष्ट परत करीत, दुरुस्त करून मागवीत, पुन्हां परत करीत. कित्येक लेखकांनीं त्या पत्रांविषयीं कृतज्ञतेनें लिहिलें आहे. त्याची दुसरी बाजूही आहे, आणि ती झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. एकाच मेजावर अभिरुचीचा निवाडा होऊं लागला कीं त्या अभिरुचीबाहेरचें जीवन दाराबाहेर राहतें. १९६० नंतरच्या दशकांत 'असो', 'वाचा' यांसारखीं अनियतकालिकें निघालीं, १९६९ सालीं 'सत्यकथे'च्या अंकाची होळी झाली, आणि त्याच दशकाच्या अखेरीस डॉ. गंगाधर पानतावणे यांनीं औरंगाबादेहून 'अस्मितादर्श' काढलें. दलित लेखकांच्या पहिल्या पिढ्यांना त्यानें जी जागा दिली ती कोणा प्रतिष्ठित मेजावर मिळाली नव्हती. दारें बंद आहेत असें दिसल्यावर स्वतःचें घर बांधणें, हाही 'कोठें पाठवावें' या प्रश्नाचा एक मानाचा जबाब आहे. मात्र त्याला माणसें जमवावीं लागतात, आणि अंक काढून कर्जही फेडावें लागतें.

आजची अडचण त्या दोहोंहून निराळी आहे. दार बंद नाहीं. दिवाळीला शेंकडों अंक निघतात, आणि घरबसल्या जगापुढें गोष्ट ठेवण्याचीं साधनें प्रत्येकाच्या खिशांत आहेत. गोष्ट जाते, आणि कांहींच परत येत नाहीं. 'साभार परत'चा छापील कागददेखील येत नाहीं. ज्यांना ती आवडते ते एका शब्दांत छान म्हणतात, आणि आवडत नाहीं ते गप्प बसतात. कठोर पत्रानें लेखक चार दिवस जेवत नसे, हें खरें; पण पांचव्या दिवशीं तो पहिलीं दोन पानें फाडी. नुसत्या छानानें कोणीं कधीं पान फाडलेलें नाहीं. तेव्हां जोंवर संपादक लिहीत नाहींत तोंवर हें काम चौघां लिहिणारांनीं एकमेकांसाठीं करावें: महिन्यांतून एकदां जमावें, एकानें मोठ्यानें वाचावें, आणि ऐकणारांनीं गोष्ट चांगली कीं वाईट हें न सांगतां आपलें लक्ष कोठें उडालें आणि कोठें जागें झालें एवढेंच सांगावें. मेजवानीचा बेत असेल तर तो वाचनानंतर ठेवावा.

संपादकांकडेही एक मागणें आहे. प्रत्येक हस्तलिखितास पत्र लिहिणें आजच्या धबडग्यांत अशक्य आहे, हें आम्ही जाणतों. परंतु ज्या गोष्टींत एखादी जिवंत ओळ सांपडेल तिच्या लेखकास एवढेंच कळवावें कीं अमुक पानावरील अमुक ओळ पाहा. चाळीच्या त्या गोष्टीला स्पर्धेंत क्रमांक मिळाला नाहीं, आणि तो मिळण्यासारखी ती नव्हतीही. परीक्षकांनीं स्पर्धकांशीं पत्रव्यवहार करूं नये असा तेथील नियम होता. निकालाच्या यादीबरोबर गोष्टी परत गेल्या. घड्याळाच्या ओळीखालीं कोणाचीही रेघ नव्हती. त्या लेखकाचें नांव त्यानंतर कोठें छापून आलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं.